पांढऱ्याची पारख

पहिल्या वर्षाच्या शेवटी मिरीची आठ मिनिटांची फिल्म कॉलेजच्या मोठ्या पडद्यावर लागली आणि अर्ध्या मिनिटातच मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अरे, सगळ्या गावाला कावीळ झालीय वाटतं!" हशा पिकला. आणि बोलणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. पडद्यावरची झाडून सगळी माणसं पिवळी होती. म्हातारे पिवळे, पोरं पिवळी, आणि पांढरा शर्ट घातलेला पोस्टमन तर डोक्यापासून पायापर्यंत पिवळाधमक. फिल्म गंभीर होती, पण पोस्टमन आला की लोक हसत, आणि तो एकूण सहा वेळा येत होता.

मिरी हे तिचं घरातलं नाव. अंगापिंडाने मिरीएवढी, पण दाताखाली आली की डोळ्यांतून पाणी काढणारी, म्हणून आत्याने ते ठेवलं होतं. कॉलेजात मात्र त्या दिवसापासून तिचं बारसं नव्याने झालं. "कावीळ, पेन दे गं." "कावीळ आली का?" ती सगळ्यांबरोबर हसायची. रडलं तर नाव कायमचं चिकटतं असा तिचा हिशोब होता. हसूनही ते चिकटलंच.

त्याहून वाईट झालं निकालाच्या दिवशी. एडिटिंग शिकवणाऱ्या बाईंनी तिला खोलीत बोलावून घेतलं आणि दार लावायलाही न सांगता बोलायला सुरुवात केली.

"तुझं कापणं चांगलं आहे. कुठे थांबायचं हे तुला कळतं, ते शिकवून येत नाही. पण रंग असा वाऱ्यावर सोडतात? पुढच्या वर्षीच्या फिल्ममध्ये हेच झालं तर मी तुला एडिटिंगला ठेवणार नाही. आवाजाकडे जा, लेखनाकडे जा, तुझं तू बघ."

बाई बोलल्या म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ. मिरीने मान डोलावली आणि बाहेर येऊन जिन्यात बसली. तिला आवाजाकडे जायचं नव्हतं. तिला चित्रं कापायची होती, आणि ती कापायचीच होती.

दोष कोणाचा हे सगळ्यांनी ठरवूनही टाकलं होतं. फिल्म तिने एका मैत्रिणीच्या जुन्या लॅपटॉपवर केली होती, त्याचा पडदा बिघडलेला असणार, झालं. मिरीनेही तेच मानलं. खरं सांगायचं तर चेहरे तिला तेव्हाच जरा पिवळट वाटले होते. पण त्या वेळी शेजारी आत्या बसली होती, आणि आत्या म्हणाली होती, "छान आहे की. कोवळं ऊन पडल्यासारखं वाटतंय." शेडबाईंनी पास केलेल्या मालावर शंका घेणारी मिरी कोण?

शेडबाई म्हणजे तिची आत्या. गावाबाहेरच्या एका रंगखान्यात तीस वर्षं ती कापडाचे रंग जुळवत होती. गिऱ्हाईक नमुन्याची चिंधी पाठवायचं, टाकीतून रंगवलेलं कापड निघायचं, आणि दोन्ही शेजारी धरून आत्या सांगायची, माल जायचा की परत टाकीत पडायचा. तिने 'हं' म्हटल्याशिवाय एक मीटर कापड दाराबाहेर जात नसे. मालकही तिला शेडबाई म्हणत. आत्याने लग्न केलं नव्हतं. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "शेड जुळली नाही." मिरीचे आईबाबा लांब राहत, म्हणून कॉलेज सुरू झाल्यापासून मिरी आत्याकडेच होती, आणि दोघींचं छान चाललं होतं. म्हणजे दिवसातून दोनदा भांडण, पण जेवायच्या आधी ते मिटलेलं.

दुसऱ्या वर्षाची फिल्म मिरीने आत्यावरच केली. रंगखाना, वाफा, टाक्या, आणि दारात उभी राहून कापड उजेडाला धरणारी आत्या. सगळं चित्रण झालं होतं. द्यायला पाच आठवडे उरले होते. कॉलेजात मशीनं आठ आणि मुलं साठ, त्यामुळे आठवड्यातून दोनदा, तीन तीन तास वाट्याला येत, आणि तेवढ्यात मुंगीच्या गतीनेही काही पुढे सरकत नसे. स्वतःचा लॅपटॉप हवा होता.

"मी घेऊन देते," एका सकाळी आत्या म्हणाली. "पण एकदाच. पुन्हा 'हा नको, तो हवा' चालणार नाही. आणि पडद्याचा रंग बघायला मी येणार."

"तू तर येच. तुझ्याशिवाय मी घेणारच नाही," मिरी म्हणाली. एका वेळेची चूक माफ असते, दुसऱ्या वेळेला ती सवय होते, आणि या वेळी गावातला सर्वांत तरबेज डोळा बरोबर असणार होता. तिला निम्मी लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

सल्ले देणाऱ्यांचा मात्र तोटा नव्हता. फोनवर आई म्हणाली, "हलका घे, पाठ मोडेल." बाबा म्हणाले, "जड घे, हलक्या वस्तू टिकत नाहीत." वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे आकडेवाला म्हणत. तो बत्तीस, सोळा, चार हजार असं काहीतरी अर्धा तास बोलला आणि मिरीच्या वहीची तीन पानं भरवून गेला. शेवटी ती एडिटिंगच्या बाईंकडेच गेली. बाईंनी वही चाळली आणि मिटून परत दिली.

"आकडे ठीक आहेत. पण चप्पल घेताना तू पायात घालून बघतेस ना? मग आपली फिल्म घेऊन जा. तिथे लाव, तिथे काप. जे मशीन तुझी फिल्म अडखळल्याशिवाय आणि खऱ्या रंगात दाखवेल, ते तुझं."

मिरीने तेच केलं. चित्रणातला दोन मिनिटांचा तुकडा तिने एका छोट्या हार्ड डिस्कवर घेतला. मशीनचा घाम निघावा म्हणून त्यात एकावर एक चित्रांचे तीन थर चढवले. सुरुवातीलाच आत्याच्या तळहातावरच्या दोन चिंध्यांचं दृश्य होतं, एक पांढरी, एक मोतिया. रंगखान्याच्या दारात, भर सकाळच्या उजेडात घेतलेलं. त्याच दोन चिंध्या आत्याने पर्समध्ये टाकल्या. पडद्यावरची चिंधी आणि हातातली चिंधी सारखी दिसली पाहिजे, एवढी साधी परीक्षा. यात नापास होणारा लॅपटॉप घ्यायचा नाही, मग तो कितीही गोजिरवाणा असो.

पहिल्या दुकानात हार्ड डिस्क लावूच दिली नाही. "व्हायरस येतो," काउंटरवरचा माणूस म्हणाला, आणि मिरीकडे असं पाहिलं की जणू तिलाच ताप आहे. दुसऱ्या दुकानात सगळ्या पडद्यांवर एकच चित्र चाललं होतं, लाल, हिरवे, निळे पोपट. "बघा काय कलर आहे!" विक्रेता म्हणाला.

"पोपट कुठेही चांगलाच दिसतो," आत्या म्हणाली. "आमचा पोपट करायला ठेवलेत का? माणसाचा चेहरा दाखवा." माणसाचा चेहरा त्यांच्याकडे नव्हता. दोघी बाहेर पडल्या.

तिसरं दुकान मोठं होतं. तिथे टाय लावलेला एक विक्रेता होता, गळ्यात टाय आणि पायात चपला असा. त्याने हार्ड डिस्क लावायला हरकत घेतली नाही, फक्त "काकू, बसा ना" म्हणाला. आत्याला काकू म्हटलेलं खपत नसे, पण ती बसली.

मिरीने यादीतले दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवायला लावले. एक रुपेरी, पापडाएवढा पातळ, वर्गातल्या निम्म्या मुलांचं स्वप्न असलेला. दुसरा काळा, जाडजूड, चार्जर विटेएवढा, दिसायला असा की कोणी फुकट दिला तर दोनदा विचार करावा.

आधी तिने पातळ्यावर तुकडा लावला. पडद्यावर आत्याचा तळहात आला. आत्याने पर्समधून पांढरी चिंधी काढली, पडद्याशेजारी धरली, डोळे बारीक केले, मान मागे घेतली, सगळं अगदी रंगखान्यात करते तसं.

"हाच," ती म्हणाली. "चिंधी आणि पडदा, एक."

मिरीने पाहिलं. पडदा पिवळट होता. फार नाही, पण चिंधीशेजारी धरल्यावर सरळ दिसत होता, शेजारच्या गिऱ्हाइकालाही दिसला असता. तेवढ्यात टायवाला पुढे झुकला.

"काकू, त्यावर ना, डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून असते ती सेटिंग चालू राहिलीय. त्याने पिवळं—"

मिरीने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो वाक्य गिळून गप्प बसला. तिने ती सेटिंग बंद केली. पडदा बदलला, निवळला. पिवळेपणा बराच गेला, तरी थोडा उरलाच.

"आता, आत्या?"

आत्याने पुन्हा चिंधी धरली. "आता काय? तसाच आहे. सांगितलं ना, हाच."

'दुकानातले दिवे,' तिने स्वतःला समजावलं. आत्याच सांगायची, रंग दिव्याखाली बघायचा नसतो, दारात बघायचा. साडी असो नाही तर पडद्याचं कापड, आत्या ते उचलून दुकानाच्या पायरीवर न्यायची आणि दुकानदार मागे धावायचे. तिने टायवाल्याला विनंती केली.

"दारात? लॅपटॉप?" तो म्हणाला. "मॅडम, त्याला साखळी आहे."

"मग साखळी सोडा," आत्या म्हणाली. "आम्ही काय पळवून नेतोय? मला पळता येतं असं वाटतं तुम्हाला?"

साखळी सुटली. टायवाला आणि त्याचा साहेब दोन्ही बाजूंनी लॅपटॉपवर डोळा ठेवत दारापर्यंत आले. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि उन्हात पडद्यावर काही म्हणजे काही दिसेना, फक्त आरशात दिसावं तसं आत्याचं नाक दिसलं. शेवटी साहेबाने एक मोठं रिकामं खोकं आणून दिलं, मिरीने लॅपटॉप त्यात सरकवला आणि दोघींनी खोक्यात डोकी घातली. रस्त्यावरून जाणारा एक माणूस बघायला थांबला.

खोक्याच्या सावलीत, दारातल्या उजेडात, पातळ्याचा पांढरा रंग अजूनही पांढरा नव्हता.

"उत्तम," आत्या खोक्यातून म्हणाली. "बांधायला सांग."

"थांब. दुसरा लावून बघते," मिरी म्हणाली.

काळ्या जाड्यावर तुकडा सुरू झाला आणि मिरीला पहिल्या क्षणी कळलं की मशीन हेच. पांढरी चिंधी पांढरी होती आणि मोतिया मोतिया. तीन थर असूनही चित्र पाण्यासारखं वाहत होतं. कुठे अडखळणं नाही, थांबणं नाही. पडदा इतका स्वच्छ होता की आत्याच्या बोटांच्या पेरांत तीस वर्षांत मुरलेला रंगसुद्धा दिसत होता. आणि म्हणूनच तिला तो अंगठा दिसला.

आत्याचा अंगठा चिंधीच्या कडेवरून सरकत होता. चिंधीच्या कोपऱ्यात दोऱ्याची बारीक गाठ होती. अंगठा त्या गाठीवर थांबला, आणि मग आत्या म्हणाली, "ही पांढरी." मग दुसरी चिंधी. पुन्हा अंगठा कडेवरून फिरला, कोपऱ्यात दोन गाठी लागल्या, आणि आत्या म्हणाली, "ही मोतिया." डोळे चिंधीवर होते खरे, पण बोलणं अंगठ्यामागून येत होतं. मिरीने ते स्वतः चित्रित केलं होतं, आणि त्या वेळी तिला वाटलं होतं, वा, जुन्या कारागिराची लकब.

तिने तुकडा मागे नेला आणि पुन्हा लावला. पुढच्या दृश्यात टाकीवर काम करणारी बाई ओलं कापड घेऊन येत होती. या बाईला सगळे टाकीवाली म्हणत. आत्या कापड दारात धरायची आणि विचारायची, "बोल, कसा आहे? तू सांग. शिकायला नको?" टाकीवाली म्हणायची, "बाई, जरा पिवळट आलाय." आत्या म्हणायची, "बरोबर. परत टाक." मिरीला हे दृश्य फार आवडलं होतं. काय शिकवते आत्या, असं तिने वहीत लिहिलंही होतं. आता तिच्या लक्षात आलं, की पांढऱ्याची वेळ आली की आत्या स्वतः आधी कधीच बोलत नव्हती.

तिसऱ्यांदा तिने तेच पाहिलं. चौथ्यांदा.

"चांगलं चालतंय ना, मॅडम?" टायवाल्याने विचारलं.

"चालतंय," मिरी म्हणाली.

तिने वळून पाहिलं. आत्या खुर्चीवर बसली होती. हातात पांढरी चिंधी, आणि अंगठा गाठीवर.

मिरीला त्या क्षणी रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग जास्त होता, कारण वर्षभर सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि तिने ते नुसतं सुंदर म्हणून टिपलं होतं. गप्प बसणं सोपं होतं. आत्याला म्हणायचं, मला हा काळाच आवडला, आणि विषय संपवायचा. पण मग आत्या परवा रंगखान्यात पुन्हा आपल्या खुर्चीत बसणार होती. मिरीने टायवाल्याकडून दहा मिनिटं मागून घेतली आणि आत्याला दुकानाच्या पायरीवर नेलं.

"चिंध्या दे दोन्ही."

आत्याने दिल्या. मिरीने पाठ केली, दातांनी गाठी सोडल्या, आणि दोन्ही चिंध्या आत्याच्या तळहातावर ठेवल्या.

"यातली पांढरी कुठली?"

"हे काय आता?" म्हणत आत्याने अंगठा फिरवला. एका चिंधीच्या कडेवरून. मग दुसरीच्या. मग पुन्हा पहिलीच्या, चारही कोपऱ्यांत.

"गाठ कुठे गेली?" तिच्या तोंडून निघून गेलं.

आत्याने चिंध्या मुठीत धरल्या. तिचा चेहरा लाल झाला.

"माझी परीक्षा घेतेस? कालपर्यंत नाक पुसता येत नव्हतं तुला. रंग कोणी शिकवले गं तुला?"

"तूच."

"मग?"

"तू शिकवलेस म्हणूनच दिसलं, आत्या. कधीपासून आहे हे?"

आत्या रस्त्याकडे बघत राहिली. "दीड वर्ष. लाल, हिरवा, किरमिजी, त्यात काही अडचण नाही. पांढरा आणि मोतिया एक झालेत. काळा आणि गडद निळाही. डॉक्टरला दाखवलं. मोतीबिंदू म्हणाला, ऑपरेशन करा, सोपं आहे."

"मग केलं का नाहीस?"

"आमच्या रंगखान्यातल्या एका जुन्या माणसाने केलं होतं. नंतर म्हणाला, सगळं निळं दिसतंय, माझे आधीचे रंग गेले. तीस वर्षं लावली मी एकेक शेड डोळ्यांत बसवायला. ते सगळं पुसून गेलं तर? आणि शेडबाईला शेड दिसत नाही म्हटल्यावर माझ्याकडे राहतं काय?" तिचा आवाज चिरकला. "आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ चाललाय नुसता. रोज सकाळी वाटतं, आज पकडली जाणार."

मिरीने तिचा हात धरला. आत्याने तो सोडवून घेतला नाही.

"ती मागच्या वर्षीची फिल्म," आत्या थोड्या वेळाने म्हणाली. "मीच म्हटलं होतं ना, छान आहे म्हणून?"

नाही म्हणावं, असं मिरीला मनापासून वाटलं. "हो," ती म्हणाली.

"तुला दिसत होतं पिवळं?"

"थोडं दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू ठीक म्हणालीस म्हणून."

"मूर्ख आहेस," आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात शेडबाईंचा जुना दरारा. "यापुढे मी म्हणते म्हणून काही पास करायचं नाही. कळलं? चल. तो काळा घे. धिप्पाड दिसतो, पण घे."

"तुला दिसलाय का तो?"

"धिप्पाड आहे एवढं दिसतं मला."

दोघी उठल्या. दाराशी आत्या थबकली आणि हळूच म्हणाली, "त्या गाठी आहेत ना फिल्ममध्ये. त्या तेवढ्या काप."

मिरीला हे येणार हे ठाऊक होतं. लॅपटॉपचे पैसे आत्याच्या पर्समध्ये होते, पाच आठवडे उरले होते, आणि आत्याचं काही चुकीचंही नव्हतं. फिल्म कॉलेजात लागली की गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नसता.

"कापणार नाही," ती म्हणाली. "फिल्ममधलं खरं तेवढंच आहे. बाकी सगळा धूर आणि वाफ."

"माझी नोकरी आहे ती, मिरे."

"म्हणून तू आधी मालकांना सांग. तू सांगितल्याशिवाय मी फिल्म कोणाला दाखवणार नाही. तू नाहीच सांगितलंस तर देणारच नाही. आवाजाकडे जाईन. पण गाठी कापून खोटी फिल्म करणार नाही."

"धमकी देतेस?"

"नाही. मला जे करायचंय ते सांगतेय."

आत्याने तिच्याकडे नीट पाहिलं, चिंधीकडे बघावं तसं, डोळे बारीक करून. मग आत गेली, काउंटरवर पर्स उघडली आणि टायवाल्याला म्हणाली, "तो काळा बांधा. आणि मला काकू म्हणू नका."

पुढचे तीन दिवस घरात एकही भांडण झालं नाही, आणि दोघींनाही ते चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं. जाडा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर बसला. मिरी कॉलेजातून आली की त्याच्यासमोर असायची. तिने अंगठ्याचं दृश्य फिल्मच्या मधोमध ठेवलं, अकरा सेकंदांचं. पहिल्यांदा नऊ ठेवलं होतं, ते तुटक वाटलं. चेहरे चेहऱ्यांच्या रंगाचे झाले, वाफ वाफेच्या. दर वेळी काही ठरवताना तिची नजर सवयीने शेजारच्या खुर्चीकडे जायची. खुर्ची रिकामी असायची. आत्या आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसायची, नको तितक्या सावकाश. मिरीला एकटीने ठरवणं जड जात होतं, पण ती ठरवत होती.

चौथ्या दिवशी सकाळी आत्या तयार होऊन टेबलाशी आली.

"डोळ्यांच्या दवाखान्यात तारीख मागितली होती, त्यांचा फोन होता. पुढच्या आठवड्यातली तारीख दिलीय," ती म्हणाली. "कॅमेरा घे आणि चल."

रंगखान्यात पोचल्यावर ती आपल्या जागेकडे गेलीच नाही. टाक्यांच्या मधून चालत गेली, टाकीवालीला म्हणाली, "हात पूस आणि ये," आणि तिला घेऊन सरळ मालकांच्या खोलीत शिरली. मालक चष्मा कपाळावर चढवून कुठलासा कागद वाचत होते. आत्याच्या मागून टाकीवाली आणि तिच्या मागून कॅमेरा बघून ते चमकले.

"काय शेडबाई, मोर्चा का?"

"साहेब," आत्या म्हणाली, "मला पांढरा आणि मोतिया यातला फरक दिसत नाही. काळा आणि गडद निळाही नाही. दीड वर्ष झालं."

मालकांनी चष्मा खाली घेतला. ते आधी हसणार होते, मग हसले नाहीत.

"अहो, पण दीड वर्षात माल परत आलेला नाही. मग रंग बघत कोण होतं?"

"ही," आत्या म्हणाली, आणि टाकीवालीला दंडाला धरून पुढे केलं. टाकीवाली ओल्या हातांनी पदर आवळत होती. "मी विचारायचे, ही सांगायची, आणि मी बरोबर म्हणायचे. सगळ्यांना वाटायचं मी शिकवते. हिलाही तसंच वाटायचं. एकदाही चुकली नाही, साहेब. पगार माझा आणि डोळे हिचे. पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन आहे, तोवर हिला माझ्या खुर्चीत बसवा. नंतर माझे रंग परत आले तर आम्ही दोघी बसू. नाही आले तर ही बसेल, आणि मी टाकीवर जाईन."

टाकीवालीने तोंडावर हात धरला. मिरीच्या डोळ्यांत पाणी भरून आलं आणि समोरचं काही दिसेनासं झालं, तरी तिने कॅमेरा हलू दिला नाही, कारण आत्याचं बोलणं अजून संपलं नव्हतं.